मोबदला: चित्र, एक

मास्पेथच्या त्या अरुंद घरात
वडिलांनी एकही चित्र विकत घेतलं नाही.
ते फ्रिज दुरुस्त करायचे.
त्रेसष्ट-चौसष्ट साली मॅनहॅटनच्या खालच्या अंगाला
बंद कारखान्यांच्या माळ्यांवर
रंगवणारी पोरं राहायची.
खिशात दमडी नसायची, फ्रिज मात्र असायचा,
त्यात बहुधा ब्रश, आणि अर्धा कांदा.

पावतीपुस्तक अजून आहे.
कार्बनच्या निळ्या सावलीत वडिलांचं अक्षर,
इंग्रजी, पण कौनासच्या वळणाचं:
काँप्रेसर, अकरा डॉलर. मिळालं: चित्र, एक.
थर्मोस्टॅट, साडेचार. मिळालं: चित्र, लहान, ओलं.

ते ओलं चित्र सबवेतून आणताना
एका बाईच्या कोटाला लाल रंग लागला.
कोट धुण्याचे पैसे वडिलांनी दिले,
रोख.

लोकांचे फ्रिज गार करता करता
आमची चूल गार पडत होती.
आई, स्तासे तिचं नाव, कपाळाला हात लावायची
आणि मग हातोडी शोधायची. कारण खिळे तीच ठोकायची.
जिन्यात मोहरी लावलेलं सॉसेज, माझ्याहून उंच.
न्हाणीघरात रडणारी लिपस्टिकवाली,
जिच्यासमोर मी दात घासले सतरा वर्षं.
आणि शेगडीच्या वर
लिनोर पाकुला नावाच्या मुलीने काढलेला
पीचच्या फोडींचा डबा,
किमतीच्या चिठ्ठीसकट: एकोणतीस सेंट.

तोच डबा खाली फळीवर होता, खराखुरा.
"खरा एकोणतीस सेंटला,
मग खोट्याला अकरा डॉलर कसे?"
ह्या प्रश्नावर पुढे लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली म्हणे.
आईने तो बटाटे सोलताना विचारला
आणि उत्तराची वाट न बघता
डबा उघडला.

आता दोघंही नाहीत.
लिलावघराचे किर्शसाहेब आलेत,
पांढरे हातमोजे, बोटाएवढी बॅटरी.
डब्याच्या सावलीतल्या ठिपक्यांवर नाक टेकवून म्हणाले,
"हाताने काढलेत. एकेक.
छापल्यासारखे दिसावेत म्हणून."
एका ठिपक्यात माशीचा पाय अडकलाय.
ते हरखले. अस्सल आहे, म्हणाले.
माशीही.

मग चित्र उलटं केलं.
वडिलांची काळी तेलकट खडू:
फ्रिजचं मॉडेल, बिघाड, तारीख.
"वा," किर्श म्हणाले, "ह्याची किंमत पाठीवरच जास्त आहे."
आणि त्याच्या खाली, स्वयंपाकघरातल्या बुटक्या पेन्सिलीने,
वेगळ्या हाताचे आकडे.

६४ – २९
६८ – ३३
७४ – ५२
८१ – ७९

पुढे एक डॉलरला जरा वर.
पुढे आकडे थरथरतात.
शेवटचा नऊ सालचा, एक एकोणनव्वद,
त्यातला नऊ पोट फुटल्यासारखा.

शब्द एकही नाही.
म्हणजे ती स्टुलावर चढायची,
डबा भिंतीवरून उतरवायची,
लिहायची, परत टांगायची,
ऐंशी ओलांडल्यावरसुद्धा.
मी त्याच खोलीत गणितं सोडवत होते,
पुढे त्याच खोलीत फोनवर भांडत होते,
आणि मला वाटायचं ती फक्त धूळ पुसते.

किर्शसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
परक्या हाताचं लिखाण, नंतरचं. किंमत उतरते.
पण काळजी नको,
त्यांच्याकडे एक बाई आहे, हलका हात,
दोन तासांत पुसून देईल.

सॉसेज न्या, म्हटलं. रडणारी न्या.
ती माझ्यासाठी पुरेशी रडली आहे.

त्यांनी तरी फॉर्म पुरा केला, सवयीने.
कलावंत. वर्ष. मोजमाप.
शेवटचा रकाना, स्थिती,
त्यावर पेन थांबलं.
डाग? भेगा? काय लिहू?

लिहा, म्हटलं,
अजून उघडलेला नाही.